नवा बॉक्स लावल्यापासून ऑफिसचे नेटवर्क दुभंगले. तक्रार न बघताच दोनदा बंद

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
ब्रॉडबँड विभाग

विषय : १४ तारखेला बदललेला बॉक्स चुकीच्या पद्धतीने जोडल्याबद्दल

महोदय,

सांगलीत विश्रामबागला माझे कर सल्लागाराचे छोटे ऑफिस आहे. कामाचे सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आम्ही ज्याला सर्व्हर म्हणतो तो सातवा कॉम्प्युटर. ग्राहकांची सगळी खाती त्याच्यावर आहेत. चार वर्षे तुमची जोडणी वापरते आहे आणि इतक्या दिवसांत तक्रार करायची वेळ आली नव्हती, हे आधी सांगते.

या महिन्याच्या १४ तारखेला दुपारी तुमचा टेक्निशियन आला. १०० एमबीपीएसच्या प्लॅनसाठी जुना बॉक्स काढून त्याने नवा वायफायचा बॉक्स बसवला, मोबाइलवर स्पीड दाखवला, सही घेतली आणि वीस मिनिटांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन कॉम्प्युटरवर इंटरनेट होते पण सर्व्हर दिसत नव्हता. उरलेल्या तिघांवर सर्व्हर उघडत होता, प्रिंटही निघत होती, पण जीएसटीचे पोर्टल उघडेना. २० तारीख ही जीएसटीच्या मासिक ३बी रिटर्नची शेवटची तारीख. आमच्या धंद्यात १५ ते २० या दिवसांत माणसे डबा खायलासुद्धा उठत नाहीत.

हेल्पलाइनला फोन केला. 'सगळे बंद करून परत चालू करा,' असे सांगितले, तसे केले. आता सर्व्हर दिसणारे कॉम्प्युटर वेगळे आणि नेट असलेले वेगळे! संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवली आहे. कोणी आले नव्हते, कोणी फोनही केला नव्हता. १६ तारखेला पुन्हा तक्रार नोंदवली, तीही तशीच बंद झाली.

१७ तारखेला तिसऱ्या तक्रारीनंतर एक टेक्निशियन आला. त्याने फक्त माझ्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.५ हा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्या मशीनचा नंबर, हाताने टाकला, नेट चालू झाल्याचे दाखवले आणि सर्व्हरचे तुमच्या हार्डवेअरवाल्याला विचारा, असे सांगून निघून गेला. १९ तारखेला सकाळी माझा कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्टची, म्हणजे एकच पत्ता दोन मशीनकडे असल्याची, सूचना आणि नेट बंद. शोधता शोधता आमच्या सहायकाच्या मोबाइलमध्ये वायफायची सेटिंग उघडली, तर तिथे तोच आकडा : १९२.१६८.१.५. बॉक्स जे पत्ते वाटतो त्यांतलाच एक पत्ता तुमच्या माणसाने माझ्या कॉम्प्युटरवर कायमचा लिहून ठेवला होता. माझा कॉम्प्युटर रात्री बंद होता, तेव्हा बॉक्सने तो पत्ता रिकामा समजून सकाळी मोबाइलला दिला. पत्ता हाताने टाकायचा तर तो बॉक्सच्या वाटपातून वगळावा लागतो. ज्याचा हाच रोजचा धंदा आहे त्याला हे माहीत नसावे?

त्या रात्री मी स्वतः वही घेऊन बसले. पुण्यात आयटीत असलेला माझा भाचा फोनवर होता. एकेका कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड दिली आणि प्रत्येकाचा पत्ता, गेटवे (ज्या मशीनमधून तो इंटरनेटकडे जातो ते) आणि पत्ता कोणी दिला ते लिहून काढले. चौथ्या ओळीपर्यंत आलो तेव्हाच भाचा म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे पत्ते वाटणारे दोघे आहेत." काहींना १९२.१६८.०.१ ने पत्ता दिला होता, काहींना १९२.१६८.१.१ ने. पहिला आमचा स्वतःचा जुना राउटर (तुम्ही काढून नेलेला बॉक्स वेगळा), दुसरा तुमचा नवा बॉक्स. ज्याने आधी उत्तर दिले त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेत होता. आमचे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे, म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तरच दोन मशीन थेट बोलू शकतात. सर्व्हर आणि प्रिंटरचे पत्ते शून्यवाल्या रांगेत आधीपासून पक्के केलेले आहेत, म्हणून एकवाल्या रांगेतल्या कॉम्प्युटरना ते सापडत नव्हते. शून्यवाल्यांना ते सापडत होते, पण त्यांचा गेटवे जुना राउटर, आणि त्याला इंटरनेट कुठून येणार? म्हणजे रीस्टार्ट करून काहीच सुटणार नव्हते, फक्त कोण कुठल्या रांगेत जाईल ते बदलत होते.

मग टेबलाखाली वाकून वायरी बघितल्या. जुन्या राउटरच्या मागे निळे वॅनचे, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत येण्याचे, भोक रिकामे होते. नव्या बॉक्सकडून आलेली पिवळी वायर शेजारच्या लॅनच्या, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर जोडायच्या, भोकात खोचलेली होती. ती वायर एक बोटभर बाजूला, निळ्या भोकात लावली. जुना राउटर अजूनही युजरनेम टाकून स्वतः कनेक्शन जोडू पाहत होता. आता ते काम तुमचा बॉक्स करतो, म्हणून राउटरचे सेटिंग डायनॅमिक, म्हणजे बॉक्सकडून पत्ता आपोआप घेणारे, केले. माझ्या कॉम्प्युटरवर हाताने टाकलेला पत्ता काढला आणि सगळीकडे पत्ते सोडून पुन्हा घेतले. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी सहाही कॉम्प्युटर शून्यवाल्या रांगेत आले, सर्व्हर उघडला, पोर्टल उघडले. पाच दिवस ज्यासाठी आम्ही हातघाईवर आलो होतो, ते काम एका वायरीचे आणि एका सेटिंगचे होते.

२० तारखेला आम्ही मध्यरात्रीपर्यंत बसलो. तरी एका किराणा व्यापाऱ्याचे रिटर्न २१ तारखेला गेले. एका दिवसाची लेट फी ५० रुपये मी माझ्या खिशातून भरली. पैसे थोडे आहेत. पण त्यांचे एकही रिटर्न आजवर उशिरा गेले नव्हते आणि मला त्यांना फोन करून तसे सांगावे लागले, ते मला फार लागले.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. नव्या बॉक्सचे वायफाय चालूच आहे, आणि चुकून त्याला जोडलेल्या लॅपटॉपला सर्व्हर सापडत नाही. ते बंद करायला बॉक्सच्या सेटिंगचा पासवर्ड लागतो, आणि तो ग्राहकाला देत नाही असे हेल्पलाइनने सांगितले. तेव्हा एकतर बॉक्स ब्रिज मोडवर टाकून द्या, म्हणजे पत्ते देण्याचे आणि कनेक्शन जोडण्याचे काम आमचा राउटर पूर्वीसारखे करेल, किंवा पासवर्ड द्या. येणारा माणूस असा पाठवा ज्याला आयपीकॉन्फिग वाचता येते, आणि जाताना त्याने केलेले बदल आमच्या वहीत लिहून सही करावी. १५ ते १९ या पाच दिवसांचे भाडे पुढच्या बिलातून वजा करावे. पहिल्या दोन तक्रारी कोणी आणि काय बघून बंद केल्या, ते मला लेखी हवे आहे. तिन्ही तक्रारींचे क्रमांक, वहीच्या पानाचा फोटो आणि लेट फीची पावती सोबत जोडली आहे.

सात दिवसांत उत्तर आले नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाईन. ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण तुमची लाइन चांगली आहे. शनिवारी दुपारी २ नंतर कॉम्प्युटर रिकामे असतात, तेव्हा माणूस पाठवलात तर बरे होईल. येण्याआधी फोन करावा.

आपली,
एक ग्राहक व कर सल्लागार, सांगली