उंदीर, चिचुंद्र्या आणि ड्रॉवर

मा. संपादक, स.न.

म्युझियममधे वाघ-हत्तीसमोर सगळे फोटो काढतात पण मागच्या कपाटांमधे ड्रॉवरच्या ड्रॉवर भरून उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळं ठेवलेली असतात त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. कातड्यात कापूस भरलेला, कवटी वेगळी (ती साफ करायला चक्क मांस खाणारे किडे पाळतात!) आणि पायाला लेबल, त्यावर जागा, तारीख, वजन, शेपटीची लांबी. माझ्या मते खरा माल ते लेबलच, ते हरवलं की राहतं नुसतं कातडं.

1993 ला अमेरिकेत हंटाव्हायरसने (उंदरांकडून माणसाला होणारा व्हायरस) माणसं दगावली तेव्हा म्युझियमनी आधीच फ्रीझ करून ठेवलेले उंदरांचे नमुने तपासले आणि कळलं की व्हायरस नवा नाहीच, आधीपासून होता. योसेमिटीत (कॅलिफोर्नियातलं डोंगराळ राष्ट्रीय उद्यान) पण 1914 ते 1920 मधल्या नोंदी नि नमुन्यांशी नंतरचा सर्व्हे ताडून पाहिला तर लहान सस्तन प्राण्यांच्या 28 पैकी साधारण निम्म्या जाती डोंगरात सरासरी 500 मीटर वर सरकलेल्या, आता जुने नमुनेच नसते तर तुलना कशाशी केली असती सांगा?

"मेलेले उंदीर कशाला सांभाळायचे" म्हणत बजेट कापणाऱ्यांनी एकदा ते ड्रॉवर उघडून बघावेत, फक्त ग्लोव्हज घालून, जुन्या कातड्यांना आर्सेनिक लावलेलं असतं.

– एक वाचक