साहेब, खाटा आहेत माझ्याकडे, पण भाड्याने द्यायच्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : घरी लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांचे बिल शासकीय विमा योजनेत करू देण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. कणकवलीत माझे सर्जिकलचे दुकान आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे मशीन), नेब्युलायझर, फाऊलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारी खाट), एअर बेड, वॉकर, कमोड खुर्ची असा माल विकतो आणि भाड्यानेही देतो. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत पुरवठादार म्हणून मान्यता मिळावी, असा अर्ज मी केला होता. उगाच नव्हे. गेल्या वर्षी एका मेळाव्यात एका बड्या साहेबांनी व्यासपीठावरून सांगितले, "स्थानिक पुरवठादारांना योजनेत सामावून घेऊ, तुम्ही अर्ज करा." आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा-बिस्किटे खाल्ली आणि अर्ज केला. परवा उत्तर आले, एका ओळीचे. आपली संस्था रुग्णालय नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मी रुग्णालय नाही हे शोधायला खात्याला इतके महिने लागले, याबद्दल अभिनंदन. अर्जात 'एकूण खाटांची संख्या' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. माझ्या गोदामात सहा फाऊलर बेड आहेत, त्यातले चार भाड्याने गेलेले. दोन लिहू की सहा, हे विचारायला फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला.

आता खरा मुद्दा. योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात कोकणातला रायगड होता. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. आज कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. चांगलेच आहे, नाही कोण म्हणतो? पण ते कवच हॉस्पिटलच्या दारापर्यंत. डिस्चार्जनंतर १० दिवसांची औषधे मिळतात, मग राम राम. चाळीस वर्षे चुलीच्या धुरात भात शिजवलेल्या बाईची फुप्फुसे अकराव्या दिवशी ठणठणीत होतात, असे आपल्या तज्ज्ञांचे मत दिसते.

अशाच एका आजींचा नातू मागच्या आठवड्यात दुकानात आला. हातात डिस्चार्ज कार्ड, त्यावर डॉक्टरांनी लिहिलेले : घरी ऑक्सिजन, दोन लिटर, रोज सोळा तास. त्याने मशीनला हात लावून विचारले, "काकानू, ह्यां मशीन कार्डार गावतलां मां?" म्हणजे, योजनेच्या कार्डावर मिळेल ना? मशीन चाळीस हजारांच्या घरात. शिवाय पावसात लाइट गेली की मशीन बंद, म्हणून जोडीला सिलिंडर हवा. मी काय सांगणार? भाड्याने दिले, डिपॉझिट न घेता. आमच्याकडे दहातल्या सात घरांत म्हातारी माणसेच उरली आहेत (मोजली कोणी नाहीत, पण वाडीत फिरून बघा). पोरे मुंबईला. गणपतीला येतात, आईबापाची अवस्था बघतात आणि दुकानात बेडसाठी रांग लागते. अनंत चतुर्दशी झाली की निम्मे बेड परत, कारण महिन्याचे भाडे परवडत नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना ३००० रुपये देता, हे माहीत आहे. त्यात वॉकर येतो, कमोड खुर्ची येते. श्वास येत नाही.

आणि मला विचाराल तर, २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे तुम्ही औषधांच्या कायद्याखाली आणलीत. उपकरणे विकायची एमडी-४२ ची नोंदणी घेतली, जाणकार माणूस ठेवला, साठ्याची रजिस्टरे लिहितो. तपासणीला येता तेव्हा माझे मशीन औषध आणि बिल लावायच्या वेळी लोखंडी सामान?

आता उधारी. योजनेतल्या एका हॉस्पिटलने माझ्याकडून भरपूर माल नेला. पैसे मागितले की ठरलेले उत्तर : "क्लेम अडकलेत, सरकारकडून आले की देतो." म्हणजे सरकारची उधारी मी फेडतोय. बिल फाडले की जीएसटी भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचे व्याज चढते आहे, सौ.च्या पाटल्या गहाण आहेत आणि माझी शुगर डॉक्टरांना सांगायची लाज वाटावी इतकी झाली आहे. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे म्हणे. चौकशी केली, तर कळले, २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) दिलीत ती फक्त बँकेच्या कर्जापुरती. उशिरा पैशांवरचे व्याज आम्हाला नाही. कर्ज काढा, ही सोय मात्र आहे!

कोकणाच्या तोंडाला पाने पुसायची तुम्हाला सवयच झाली आहे. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. ओरोसला मेडिकल कॉलेज आले, पाटी लागली, तरी पेशंट गंभीर झाला की ॲम्ब्युलन्स अजून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटललाच पळते, परक्या राज्यात. मोठी टेंडरे निघतात तेव्हा अटी अशा, की कोकणातला दुकानदार दारातही उभा राहू नये. मतदानाच्या दिवशी मात्र आमची म्हातारी माणसे तुम्हाला खुर्चीवर बसवून न्यायला हवी असतात. खुर्च्या माझ्याच दुकानातल्या. भाडे अजून यायचे आहे.

मागणे एवढेच. डॉक्टरांनी लिहून दिलेला घरचा ऑक्सिजन, बेड आणि नेब्युलायझर योजनेत घ्या, दर तुम्हीच ठरवा, आणि नोंदणीकृत दुकानाला थेट बिल करू द्या. हॉस्पिटलच्या मार्फत नको. आणि त्या अर्जातला खाटांचा रकाना तेवढा काढा.

आपला,
एक सर्जिकल दुकानदार, कणकवली

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, स्थानिक आमदार (मागच्या पत्राची पोच अजून यायची आहे)