टीव्हीपुढे मूल एकटं नको

महोदय,
चिमुकल्यांचे टीव्ही कार्यक्रम चांगले की वाईट, हा वाद आमच्या अंगणवाडीच्या पालक सभेत हमखास निघतो. माझा सरसकट विरोध नाही. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाने गरिबाघरच्या लेकरांपर्यंत अक्षरं-अंक पोचवलेच.

पण परवा एका घरी पाहिलं. पडद्यावरच्या पात्राने शेळी दाखवून “हे कोण?” विचारलं, चार वर्षांची पोर “वासरू” म्हणाली आणि पात्राने “शाब्बास!” म्हणत टाळ्या वाजवल्या! शेजारी शेंगा फोडत बसलेल्या आजीने लगेच तिला दारातली शेळी दाखवली. असं कुणीतरी जवळ हवंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला पडद्यापुढे फार तर एक तास सांगितलाय, तोही कमी असेल तेवढा बरा.

कापूस वेचणीत मायबाप दोघंही रानात असतात. मग टीव्हीच लेकरू सांभाळतो; त्यांना दोष कसा द्यायचा? त्या दिवसांत अंगणवाडीची वेळ वाढवावी आणि सेविका-मदतनिसांना वाढीव मानधन द्यावं, ही प्रशासनाकडे मागणी आहे.

– एक अंगणवाडी सेविका, सेलू (जि. परभणी)