बेशरम काढताय, तर अशी काढा

प्रिय अविनाश,

तुमच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावात, बेशरम हे झुडपी तण माजलंय आणि ग्रामसभेत जेसीबी लावायचं घाटतंय, हे वाचलं. मशीन सांगायच्या आधी एवढं वाच.

बेशरमचं खोड ओल्या मातीत पडलं की पेरापेरातून मुळं सोडतं. जेसीबी झाड मोडतो, तुकडे तलावभर पसरतात, आणि पुढच्या पावसाळ्यात एकाची दहा झाडं उभी. झाड विषारी, त्यामुळे गुरंही तोंड लावत नाहीत. पाणी मागे सरल्यावर, काठची माती मऊ आहे तोवर, कुदळीने मुळासकट खणून काढा. काढलेला ढीग तलावाच्या पोटात किंवा येव्याच्या, म्हणजे पाणी आत येतं त्या, वाटेवर ठेवाल तर पहिल्या पुरात तो परत आत. उंच मुरमावर पसरा आणि खोड कटकन मोडेपर्यंत वाळू द्या. पावसाळा सरला की राहिलेले कोंब काढायला आणखी एक फेरी लागतेच. एका वर्षात हे संपत नाही, हे ग्रामसभेत आधीच सांग.

पण खरी चूक इथून पुढे होते. जागा मोकळी करून लोक घरी जातात आणि तिथे पुन्हा बेशरमच येते. मे महिन्यात कोरड्या भागात नांगर फिरवा. गुडघाभर पाणी साचलं की शेजारच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, वॅलिसनेरिया या पाणवनस्पती आणा, मुळांना चिखलाचा गोळा लावून रोवा. काठाला देवधान, म्हणजे रानटी भात. कोणती वनस्पती कुठल्या खोलीला धरते, हे तुमच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, आळीतल्या बायांना विचार. शेतकऱ्यांना ते ठाऊक नसतं. आणि मत्स्यबीज टाकताना ग्रास कार्प मुळीच नको. तो नेमकी हीच रोपं खातो.

गाळ काढायचा असेल तर पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीच्या, पायथ्याशी खणू देऊ नका, पाळ खचते. काळा गाळ संपून खालचा चिकण थर लागला की थांबा. तो थर फुटला की पाणी जिरून जातं, मग खोल केलेला तलाव जानेवारीतच कोरडा. गाळ शेतात न्यायला लोक रांग लावतील, बेशरमचे तुकडे मात्र त्याच ट्रॉलीतून बांधावर जायला नकोत.

सलंगवर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या सांडव्यावर, दगड रचून पाणी वाढवायची सवय गावात असेल तर ती आधी मोडा. जादा पाणी सलंगवरून गेलं नाही की पाळीवरून जातं, आणि मग पाळ फुटते. जून-जुलैत तिथे जाळी-खोबण्याही लावू नका; चढणीचे मासे अंडी घालायला तिथूनच वर जातात.

हे तलाव ज्यांच्या ताब्यात होते त्या मालगुजारांची जमीनदारी १९५१ साली गेली, तेव्हापासून पाळ-सलंग कोणी राखायचं हा वाद गावोगावी चालूच आहे. तेव्हा काम सुरू करण्याआधी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला आणि मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेला लेखी कळव. संस्थेच्या लोकांना पहिल्या दिवसापासून सोबत घे, नाहीतर पुढच्या वर्षी रोपांवरूनच जाळी ओढली जातील.

कुदळी किती आहेत ते कळव.

तुझा,
प्रकाश