टाइलच्या आड गाडलेले जंक्शन बॉक्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची चर्चा सुरू होते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आता पोरांनाही पाठ आहे. पण पूर ओसरल्यावर भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपांचं काय होतं, यावर कुणी बोलत नाही. मी परवानाधारक वायरमन आहे आणि पूरपट्ट्यात माझी बरीच कामं असतात, म्हणून हे पत्र.

जयंती नाल्याजवळच्या एका घरात पूर ओसरून काही महिने झाले तरी तळमजल्याचा आरसीसीबी (वीजगळतीचा खटका) सारखा पडत होता. मालक म्हणाले, "मिस्त्री, तो खटका काढूनच टाका की. लई ताप द्यायलाय." ही मागणी मला नवी नाही. ३० मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की लाइन तोडणं हेच त्या खटक्याचं काम. मेगर, म्हणजे तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, लावला. ५०० व्होल्टवर निदान एक मेगाओहम तरी यायला हवा, इथं त्याच्या जवळपासही काही नव्हतं. एकेक सर्किट सुटं करत गेल्यावर दोष स्वयंपाकघराच्या लाइनवर सापडला, पण जंक्शन बॉक्स, म्हणजे तारांचे जोड असतात ती डबी, कुठंच दिसेना. शेवटी टाइला वाजवत गेलो. एक पोकळ वाजली, ती फोडली. आत बॉक्स होता, झाकण नव्हतं. जॉइंट नुसत्या टेपनं गुंडाळलेले, टेपचा डिंक सुटून ओघळलेला, तळाला वाळलेला गाळ. फरशीखालच्या पाइपातली तार ओढली तर तिच्यामागून काळं पाणी आलं.

पाइप वाचावा म्हणून फरशीखालून लाइन नेतात. पुराचं पाणी त्या सखल भागात शिरलं की बाहेर यायला वाट नसते. पूरपट्ट्यात पाइप छताकडून खाली आणावेत, बॉक्स आणि बोर्ड जमेल तितके वर घ्यावेत. खर्च थोडा वाढतो, वाढू दे.

पुराचा संबंध नसलेल्या फ्लॅटमध्येही बॉक्स गाडायची खोड आहेच. पीओपी आणि छतापर्यंतच्या टाइलांची हौस आली, झाकण दिसलं की म्हणे शोभा जाते. ढिला जॉइंट तापतो, इन्सुलेशन जळतं, आणि तो जॉइंट भिंतीत बंद असेल तर वास येईपर्यंत कळत नाही. म्हणून जॉइंट फक्त बॉक्समध्ये, पाइपाच्या मध्ये कधीच नको, आणि बॉक्सचं झाकण स्क्रूनं उघडेल असं हवं. लोखंडी बॉक्स असेल तर त्याला अर्थिंग आणि पाइप शिरतो त्या भोकाला बुश, म्हणजे गुळगुळीत कडं, हवाच. पत्र्याची धार तार ओढतानाच इन्सुलेशन सोलते.

स्लॅबच्या वेळी मात्र वायरमननं स्वतः उभं राहावं. पाइपाची तोंडं बुचानं बंद केली नाहीत तर सिमेंटचं पाणी आत जातं आणि पाइप कायमचा तुंबतो. मग गवंडी भिंतीला आडवी झिरी (पाइपासाठी खाच) मारून वाट काढतो. अर्ध्या विटेच्या भिंतीला लांब आडवी झिरी म्हणजे भिंत कापल्यासारखंच. झिरी उभी, बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली असावी. पुढं कुणी देवघरासाठी ड्रिल मारलं तरी तार कुठून गेलीय याचा अंदाज राहतो. पाइपात तारा कोंबूही नयेत. निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहू द्यावी, तापलेल्या तारेला तेवढी हवा लागते.

घर बांधणाऱ्यांना विनंती, गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजायचा टेप धरून, मोबाइलवर फोटो काढा. आणि नव्या वीजजोडणीसाठी वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो नुसता सही-शिक्क्याचा कागद म्हणून घेऊ नका. मेगर तुमच्यासमोर लावायला सांगा आणि प्रत्येक सर्किटचं रीडिंग त्यावर लिहून घ्या.

आपला,
एक वायरमन,
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर