सही-शिक्का आहे, पाण्याला दाब आहे का?

संपादक महोदय,

मी निवृत्त पाइप फिटर, राहणार रत्नागिरी. आमच्या सात मजली इमारतीतल्या हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या नळाचा, व्हॉल्व्ह खाऱ्या हवेने इतका गंजलाय की चाक दोन्ही हातांनी फिरत नाही. लोक गच्चीवरच्या टाकीवर विसंबतात. पण दहा मीटर उंचीच्या पाण्याने जेमतेम एक बार दाब मिळतो. म्हणजे टाकीलगतच्या वरच्या मजल्यांवरच धार सर्वांत मंद. तिथे दाब वाढवणारा बूस्टर पंप चालू हवाच. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आमचे आले, व्हॉल्व्हला हात न लावता! याची मला चीड येते. रहिवाशांनो, तपासणीच्या दिवशी वरच्या मजल्यावर पाणी सोडायला लावा, दाब दाखवणारे गेज स्वतः वाचा, मगच कागद घ्या.

— एक निवृत्त फिटर, रत्नागिरी