आई, तू तो खोका टाकला नाहीस म्हणून

एडिसन, न्यू जर्सी
23 मे 2021

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

या कोरोनात फोनवर आपण तिघं हल्ली नुसते आकडे बोलतो. ऑक्सिजन किती, ताप किती, कोणाला बेड मिळाला, कोणाला नाही. त्या गडबडीत आईने परवा विचारलेला प्रश्न राहूनच गेला. काकांनी ग्रुपवर बातमी टाकली, बेसबॉलच्या एका कार्डाला अडतीस कोटी आले म्हणून, आणि तू म्हणालीस, "अगं, आपला तो खोका आहे ना तुझ्याकडे? बघ की, काही निघतंय का त्यात." त्याचं उत्तर सावकाश द्यायचं म्हणून लिहायला बसले.

बातमी खरी आहे. ही कार्डं म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे, पाकिटातून मिळणारे. ते कार्ड मिकी मँटल या खेळाडूचं, टॉप्स कंपनीचं, 1952 सालचं, क्रमांक 311. या जानेवारीत 52 लाख डॉलरला गेलं. आपल्या खोक्यातली कार्डंही टॉप्सचीच, पण 1989ची. त्या वर्षीचा सगळाच्या सगळा संच, म्हणजे 792 कार्डं, इथे दोन पिझ्झ्यांच्या पैशात मिळतो. आणि आपला तर पूर्णसुद्धा नाही.

आता आई, रागावू नकोस, पण याला कारण तुझ्यासारख्या, काहीच न टाकणाऱ्या आया आहेत. पन्नासच्या दशकातली इथली पोरं ही कार्डं सायकलच्या चाकात चिमट्याने अडकवायची, फडफड आवाज यावा म्हणून. पोरगा कॉलेजला किंवा सैन्यात गेला की आई खोली आवरायची आणि कार्डं कचऱ्यात जायची. खुद्द टॉप्सनेही 1952ची न खपलेली खोकी 1960 साली बोटीवर लादून अटलांटिकमध्ये नेऊन बुडवली, गोदामात जागा अडते म्हणून! त्यातून वाचलं त्याचं सोनं झालं. पुढे ऐंशीच्या दशकात तीच पोरं बापाच्या वयाची झाली, जुन्या कार्डांचे भाव बघून हळहळली आणि मग सगळा देश कार्डं जपायला लागला. कंपन्यांनीही हात सैल सोडून छापली. टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर, आणि 1989 साली त्यात अपर डेकची भर. फेकलं कोणीच नाही. आता घरोघरी माळ्यावर तोच माल आहे, घेणार कोण?

तू तर श्रीखंडाचा डबासुद्धा टाकत नाहीस. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा तू सगळ्यात आधी हा खोका जिन्यावर नेऊन ठेवलास आणि मग बाबांची टॅक्सची कागदपत्रं. बाबा त्यावरून दोन दिवस बोलत नव्हते. पुण्याला परत जाताना अर्धं घर वाटून टाकलंस, पण हा खोका माझ्या गाडीत चढवलास. "राहू दे गं, लहानपणीचं आहे," इतकंच म्हणालीस.

काकांना वाटतंय तसा बाजार मात्र खरंच पेटलाय. गेल्या वर्षी मार्चमध्ये इथले सगळे खेळ एका आठवड्यात बंद पडले. लोक घरात अडकले, कपाटं आवरताना जुनी कार्डं हाताला लागली. एप्रिल-मे महिन्यात टीव्हीवर बास्केटबॉलच्या मायकल जॉर्डनवरची मालिका लागली आणि त्याच्या 1986च्या फ्लीअर कार्डाचे भाव भडकले. सरकारकडून बाराशे डॉलरचे चेक आले, नंतर सहाशेचे, या मार्चमध्ये चौदाशेचे. ज्यांची नोकरी शाबूत होती त्यांना ते पैसे कुठे घालावे कळेना. बेसबॉल जुलैअखेरीस सुरू झाला तोही साठ सामन्यांपुरता, रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि खुर्च्यांवर प्रेक्षकांचे पुठ्ठ्याचे कटआउट! तेव्हा मला वाटलं, आता सगळाच खेळ पुठ्ठ्याचा झाला.

या महिन्यात तर कहर झाला. विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं. टार्गेटने दुकानात कार्डं विकणंच थांबवलं. कार्डांची तपासणी करून एक ते दहा गुण देणारी पीएसए नावाची कंपनी आहे, तिच्याकडे इतकी कार्डं तुंबली की मार्चअखेरीस तिने नवी घेणं जवळपास बंदच केलं. बाबा, तुम्हाला हे सगळं शेअर बाजारासारखं वाटेल. तसंच आहे ते, म्हणूनच मी त्यापासून लांब आहे.

माझं चाललंय ते वेगळंच. तुमचा सकाळी साडेसातचा मेसेज येतो तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजलेले असतात. दोघांचे ऑक्सिमीटरचे आकडे बघितल्याशिवाय मला झोपायला जाववत नाही, आणि आठपासून दहापर्यंत बातम्या बघितल्या तर नंतर झोपच येत नाही. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर कार्डं लावत बसते. आधी शंभरा-शंभराचे गठ्ठे, मग त्यात दहा-दहाचे. नऊ कप्प्यांची प्लास्टिकची पानं मिळतात, त्यात क्रमाने सरकवायची. बाबा, तुम्हाला आवडेल: 792 भागिले नऊ, बरोबर 88 पानं. आणि 792च का, तर छापखान्यातल्या एका तावावर 132 कार्डं बसायची, असे सहा ताव.

कार्डाची कड बोटाला लागते ना, ती अजून ओळखीची वाटते. काहींच्या पाठीवर च्युइंगगमचा तपकिरी डाग आहे. पाकिटात गुलाबी गमची पट्टी असायची, कोरडी, वर पिठूळ, आणि दोन मिनिटांत चव जायची. मी मुद्दाम त्या वर्षीचं एक बंद पाकीट मागवून फोडलं. गमचे काचेसारखे तुकडे झाले. खाल्ले नाहीत, आई.

नसलेली कार्डं एकेक करून गोळा करतेय. ओहायोतले एक आजोबा आहेत, त्यांना माझ्या डबल कार्डांतली काही हवी होती, मला त्यांच्याकडची. पोस्टाने अदलाबदल चालू आहे. पुठ्ठ्यांमध्ये दाबून, वर कडेला निळी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं, म्हणजे उघडणाऱ्याला नख लावावं लागू नये. नवरा म्हणतो, पूर्ण संच मागव आणि मोकळी हो. मोकळी होऊन करू काय? उरलेल्या रात्री कशाने काढू?

बाबा, तुम्हाला आठवतं, कार्डाच्या मागच्या बाजूचे आकडे बघून तुम्ही किती हसला होता? ".300 ॲव्हरेज म्हणजे दहांतून तीनदा जमतं आणि हे लोक त्याला देव मानतात? आपल्याकडे दुसऱ्या सामन्यात बाहेर बसवतील." मग तुम्हीच हळूहळू त्यात शिरलात. ऑफिसातल्या लोकांशी सोमवारी बोलायला तुम्हाला विषय मिळाला, आणि मला शाळेच्या बसमध्ये. तो काळ मला दोन्हीकडून आठवतो. माझे उच्चार ऐकून मुलं हसायची, पण वेड बॉग्जचा ॲव्हरेज विचारला की माझं उत्तर चुकायचं नाही. अपर डेकचं पाकीट डॉलरला होतं, ते तुम्ही घेऊन दिलं नाहीत. केन ग्रिफी ज्युनिअर या तेव्हा नव्या खेळाडूचं क्रमांक एकचं कार्ड, पुढे सगळ्यांना हवंसं झालेलं, त्यात होतं, पण असू दे, त्याला आता तीस वर्षं झाली.

खोक्यात मला चेकलिस्टची, म्हणजे संचातल्या कार्डांची यादी छापलेली, कार्डं सापडली. प्रत्येक क्रमांकापुढे बारीक चौकोन, आणि त्यात तुमच्या निळ्या बॉलपेनच्या खुणा, ड्रॉइंगवर करायचात तशा, चौकोनाच्या बाहेर एक रेघ नाही. खुणा केलेल्या चेकलिस्टला बाजारात कोणी हात लावत नाही. माझ्या वहीत पहिल्या पानावर त्याच आहेत.

त्यांच्यामुळेच एक भानगड उघडकीला आली. डॉन मॅटिंगलीपुढे तुमची खूण आहे, ठळक, दोनदा गिरवलेली. पण खोक्यात मॅटिंगली नाही. सगळा खोका उलटा केला, दोनदा. यँकीज संघातला तुमचा एकमेव लाडका तो, मला माहीत आहे. तेव्हा बाबा, लसीच्या दुसऱ्या डोसची तारीख पुढे गेली आहे म्हणून चिडून दिवस काढण्यापेक्षा जुनी पाकिटं, डायऱ्या, पासपोर्टची पिशवी जरा बघा. आणि आई, ते "नाही" म्हणाले तरी तू स्वतः एकदा बघ. सापडला तर पाठवू नका, नुसता फोटो टाका, सकाळच्या आकड्यांबरोबर.

दूधवाल्याला पिशवी दाराला लावायला सांग. मास्क दोघांनीही, गॅलरीतून बोलतानासुद्धा.

तुमची,
ठमी